सैतानाच्या गुहेतलं दुष्काळी काम

इंग्लंडमधल्या वेस्ट विकमच्या टेकडीत खोदलेल्या गुहांच्या तोंडाशी आम्ही दोघी उभ्या होतो. तिकिटं काढून झाली होती. पुढच्या कुटुंबातली दोन मुलं ‘आत सैतान आहे’ म्हणत एकमेकांना घाबरवत होती. आईला मी आदल्या रात्रीच सगळी गोष्ट सांगून ठेवली होती. अडीचशे-पावणेतीनशे वर्षांपूर्वीचे इंग्रज उमराव, अंगात भिक्षूंचे झगे, मध्यरात्रीच्या पूजा, काळी विद्या, हेलफायर क्लब. आईने गारगोट्यांनी बांधलेल्या, चर्चसारख्या दिसणाऱ्या त्या दर्शनी भिंतीकडे पाहिलं, मान वर करून टेकडी नीट न्याहाळली आणि विचारलं, “एवढं खणलं कुणी गं?”

मी स्लाउला राहते. तिथून हे गाव गाडीने अर्ध्या तासाच्या आसपास. या क्लबाविषयी मी बरीच वर्षं मिळेल ते वाचत आले आहे. गुप्त मंडळी, बंद दारं, आत काय चालतं याच्या कुजबुजी यांची ओढ मला लहानपणापासून आहे. पण खणलं कुणी, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. उत्तर माहीत नव्हतं असं नाही. ते पुस्तकांत एखाद्या ओळीत येतं आणि माझी नजर त्यावरून पुढे सरकायची, कारण पुढच्या पानावर झगे आणि मेणबत्त्या असायच्या.

आधी ती झग्यांची गोष्ट सांगते.

सर फ्रान्सिस डॅशवूड हा १७०८ साली जन्मला. बाप तुर्कस्तानशी रेशमाचा व्यापार करून गबर झालेला. पंधराव्या वर्षी बाप गेला आणि सरदारकी, पैसा, वेस्ट विकमची इस्टेट हे सगळं या मुलाच्या हाती आलं. मग त्या काळच्या श्रीमंत पोरांप्रमाणे युरोपभर भटकंती, विशेषतः इटलीत. तिथून तो दोन गोष्टी घेऊन आला असं मला वाटतं. ग्रीक-रोमन शिल्पांचं खरं प्रेम, आणि कॅथलिक कर्मकांडाची टिंगल करण्याची खोड. १७३४च्या सुमारास इटली पाहून आलेल्या तरुणांनी लंडनमध्ये डिलेटांटी सोसायटी काढली, तिच्या संस्थापकांत तो होता. या सोसायटीसाठी जॉर्ज नॅप्टनने १७४२ साली त्याचं एक चित्र काढलं. त्यात डॅशवूड फ्रान्सिस्कन साधूच्या वेशात आहे, हातात प्याला आहे, आणि नजर समोरच्या व्हीनसच्या मूर्तीवर खिळलेली आहे. पुढे विल्यम होगार्थनेही त्याला तसाच साधूच्या वेशात रंगवला. क्रुसाच्या जागी छोटी नग्न स्त्री, आणि डोक्यामागच्या तेजोवलयात त्याचा मित्र लॉर्ड सँडविच याचा चेहरा.

लपवून ठेवायचं गुपित असतं तर माणूस त्याचं चित्र काढून घेईल का? मला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. या मंडळींना थट्टा करायची होती आणि ती थट्टा आपल्या वर्तुळात सगळ्यांना कळावी अशीही त्यांची इच्छा होती. फक्त वर्तुळाबाहेर ती जायला नको होती.

१७५१च्या सुमारास डॅशवूडने थेम्सच्या काठावरचा मेडमेनहॅमचा जुना मठ भाड्याने घेतला. वेस्ट विकमपासून हे ठिकाण दहाएक किलोमीटर दक्षिणेला. मुळात तो सिस्टर्शियन भिक्षूंचा मठ, आठव्या हेन्रीच्या काळात मोडीत निघालेला. डॅशवूडने त्याची डागडुजी करवली आणि दारावर फ्रेंचमध्ये एक ओळ कोरून घेतली: ‘तुला हवं ते कर.’ राब्ले या सोळाव्या शतकातल्या फ्रेंच लेखकाने कल्पनेतला एक मठ रंगवला होता, त्या मठाचा हा एकमेव नियम. मंडळी स्वतःला ‘विकमच्या संत फ्रान्सिसचे भिक्षू’ म्हणवत. संत फ्रान्सिस म्हणजे अर्थात फ्रान्सिस डॅशवूड. ‘हेलफायर क्लब’ हे नाव त्यांनी स्वतःला कधी लावलं नाही. ते नाव एक पिढी आधीच्या, व्हार्टनच्या ड्यूकने लंडनमध्ये काढलेल्या टोळक्याचं. त्या टोळक्याच्या धर्मनिंदेच्या बातम्या इतक्या पसरल्या की १७२१ साली पहिल्या जॉर्जने अशा क्लबांविरुद्ध राजाज्ञाच काढली. क्लब मोडला, नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिलं, आणि पुढे जो कुणी बंद दाराआड दारू पिऊन देवाधर्माची चेष्टा करी त्याच्या कपाळी ते चिकटू लागलं.

मेडमेनहॅमला काय चालायचं? होरेस वॉलपोल हा लेखक १७६३ साली तिथे जाऊन आला आणि त्याने लिहून ठेवलं आहे. प्रत्येकाला झोपायची एक खोली, एक ठरलेला झगा, मठातलं एक नाव, जेवायला एकत्र दालन. प्रार्थनाघर मात्र दीक्षा न घेतलेल्या कुणालाही पाहता येत नसे. वॉलपोलच्या मते ही मंडळी व्यवहारात पक्की मूर्तिपूजक, आणि त्यांची दैवतं दोन: मद्याचा देव बॅकस आणि प्रेमाची देवी व्हीनस. दारूच्या कोठाराच्या हिशेबाची पानं शिल्लक आहेत. कुणी कोणत्या दिवशी किती बाटल्या उघडल्या हे त्यांत लिहिलेलं आहे. लंडनहून बायका आणल्या जात आणि त्यांना ‘नन’ म्हटलं जाई.

सैतानाच्या पूजेचा त्या काळातला, आत बसलेल्या कुणी दिलेला पुरावा म्हणून दाखवता येईल असा एकही कागद नाही. क्लबाचा कारभारी पॉल व्हाइटहेड हा कवी. वही-दप्तर त्याच्याकडे असे. १७७४ साली मरायच्या आधी त्याने आपले कागद जाळून टाकले असं सांगतात. कागद जाळले म्हणजे त्यांत भयंकर काहीतरी असणारच, असं पुढच्या दोनशे वर्षांतल्या लेखकांनी धरून चाललं. मला त्या राखेत सैतानापेक्षा बायकांची नावं, उधाऱ्या आणि राजकारणातल्या चिठ्ठ्या असण्याची शक्यता जास्त दिसते. कारण या टेबलाभोवती बसणारे लोक कोण होते ते पाहा.

डॅशवूड स्वतः १७६२ साली इंग्लंडचा अर्थमंत्री झाला. सँडविच हा आरमाराचा मुख्य आणि पुढे मंत्री. पावाच्या दोन तुकड्यांत मांस घालून खायच्या पदार्थाला ज्याचं नाव पडलं तोच हा. टॉमस पॉटर हा खासदार, आणि तो कँटरबरीच्या आर्चबिशपचा मुलगा. जॉर्ज बब डॉडिंग्टन हा जुना दरबारी. जॉन विल्क्स हा डोळ्यांनी चकणा, जिभेने धारदार, एल्सबरीचा खासदार. चार्ल्स चर्चिल हा पाद्री असून कवी. व्हॅन्सिटार्ट भावंडं, त्यांतला हेन्री ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी. त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आता सैतान आला कुठून, ते १७६३ या एका वर्षात सापडतं. माझ्या मते या सगळ्या गोष्टीचं खरं केंद्र तिथे आहे.

सात वर्षांच्या युद्धाने तिजोरी रिकामी झाली होती. अर्थमंत्री डॅशवूडने सफरचंदाच्या दारूवर, सायडरवर, कर बसवला. सायडर ही खेड्यातल्या माणसाची घरी गाळलेली दारू, आणि त्यावर कर म्हणजे अबकारी शिपायाला शेतकऱ्याच्या घरात शिरायची मुभा. पश्चिमेकडच्या परगण्यांत लोक खवळले, दंगे झाले. आपण या पदाला लायक नाही हे डॅशवूडलाही कळत होतं. पोरं रस्त्यात बोट दाखवून म्हणतील, हा बघा आजवरचा सगळ्यात वाईट अर्थमंत्री, असं तो स्वतःच म्हणाल्याची नोंद आहे. एप्रिल १७६३ला पंतप्रधान ब्यूट पायउतार झाला आणि डॅशवूडही गेला. सायडरचा कर १७६६ साली मागे घ्यावा लागला.

ब्यूटच्या विरुद्ध सर्वांत तिखट लिहिणारा माणूस त्याच मठातला होता. विल्क्स आणि चर्चिल ‘नॉर्थ ब्रिटन’ नावाचं साप्ताहिक काढत. २३ एप्रिल १७६३च्या ४५व्या अंकात विल्क्सने राजाच्या भाषणावर थेट हल्ला चढवला. सरकारने एक वॉरंट काढलं, त्यात कुणाचंच नाव नव्हतं. लेखक, छापणारे, प्रकाशक, जे कुणी असतील त्यांना धरा, एवढंच. ४९ जणांना उचललं. घरं उलटीपालटी केली, कागद पोत्यांत भरून नेले. विल्क्सला ‘टॉवर ऑफ लंडन’च्या तुरुंगात टाकलं, पण खासदार म्हणून असलेल्या हक्कावर आठवड्याभरात तो सुटला आणि बाहेर ‘विल्क्स आणि स्वातंत्र्य’ अशा घोषणा सुरू झाल्या. निनावी वॉरंटं पुढे न्यायालयांनी बेकायदा ठरवली. घरात शिरून कागद धुंडाळायचा अधिकार सरकारला कायद्याने दिलेला असेल तरच आहे, हे तत्त्व १७६५ साली एंटिक खटल्यात लॉर्ड कॅम्डेनने मांडलं, आणि आजही कायद्याचे विद्यार्थी तो निकाल वाचतात.

विल्क्सला चीत करायला सरकारने दुसरा डाव टाकला. त्याच्या घरच्या छापखान्यात एक अश्लील विडंबनकाव्य मोजक्या प्रतींत छापलं जात होतं, मित्रांना वाटण्यासाठी. ते बहुधा पॉटरच्या लेखणीतून उतरलं होतं आणि विल्क्सने त्यात भर घातली होती. सरकारने छापखान्यातला माणूस फोडून त्याचे मुद्रितशोधनाचे कागद मिळवले. १५ नोव्हेंबर १७६३ला लॉर्ड्सच्या सभागृहात एक मंत्री उभा राहिला आणि नीतिमत्तेचा कैवार घेऊन ते काव्य मोठ्याने वाचू लागला. हा मंत्री होता सँडविच. एकाच मठातला, एकाच दारावरच्या ओळीखालून आत जाणारा, विल्क्सबरोबर त्याच टेबलावर प्यालेला सँडविच. डॅशवूड तोवर लॉर्ड ल डिस्पेन्सर होऊन त्याच सभागृहात बसला होता. सैतानाला पापाविरुद्ध प्रवचन देताना आपण प्रथमच ऐकतो आहोत, असं तो तेव्हा म्हणाल्याचं सांगतात.

इथून सगळं उघड्यावर आलं. मित्राने मित्राला विकलं होतं. विल्क्स आणि चर्चिल यांनी मेडमेनहॅमच्या गोष्टी बाहेर सांगायला सुरुवात केली. चर्चिलने सँडविचला कवितेत सोलून काढलं. एका लोकप्रिय नाटकात मित्राची चुगली करणारं पात्र होतं, त्याचं नाव प्रेक्षकांनी सँडविचला चिकटवलं आणि ते त्याला जन्मभर पुरलं. १७६५ साली एका कादंबरीत मठाचं वर्णन छापून आलं. त्यात अशी गोष्ट होती, की विल्क्सने पेटीत एक माकड दडवून ठेवलं, शिंगं लावून, आणि नेमक्या क्षणी दोरी ओढून ते सोडलं. सैतानाला हाक मारणारा लॉर्ड ते अंगावर आल्यावर घाबरून दयेची भीक मागू लागला. ही गोष्ट वाचकांनी उचलली आणि पुढच्या प्रत्येक लेखकाने तिला थोडं थोडं वाढवलं. एकोणिसाव्या शतकापर्यंत माकडाचा सैतान झाला, थट्टेची प्रार्थना काळी पूजा झाली, आणि दारूचं कोठार बळी द्यायची जागा झालं.

म्हणजे सैतान जन्मला तो राजकीय भांडणातून. लोकांनी काही तो उगाच रचला नाही. त्यांना ठाऊक होतं की आपल्यावर कर बसवणारा, आपल्या घरांच्या झडत्या घेणाऱ्या सरकारातला मंत्री आणि त्या सरकारविरुद्ध लिहिणारा असे सगळे रात्री एकाच ठिकाणी जमत होते. हे कळल्यावर लोकांना काय वाटलं असेल ते मला समजतं. त्या वाटण्याला रूप द्यायला त्यांच्याजवळ शब्द होता सैतान.

पण त्या शब्दाने झाकलंही पुष्कळ. सँडविचच्या नावापुढे आज लोकांना पाव आणि माकड आठवतं. त्या काळची निनावी वॉरंटं कुणाला आठवत नाहीत.

आणि हेन्री व्हॅन्सिटार्ट. मठाची यादी वाचताना हे नाव पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी थबकले. हा १७६० ते १७६४ बंगालचा गव्हर्नर होता. म्हणजे १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर आपली माणसं कापली जात होती तेव्हा कलकत्त्यात खुर्चीवर हा होता. येताच त्याने मीर जाफरला गादीवरून उतरवून मीर कासिमला बसवलं. बदल्यात कंपनीला बर्दवान, मिदनापूर आणि चितगाव हे जिल्हे मिळाले, आणि कौन्सिलातल्या साहेबांना नव्या नवाबाकडून घसघशीत रकमा, त्यांत व्हॅन्सिटार्टही आला. मठात सोडलेलं ते माकड त्यानेच हिंदुस्थानातून धाडलं होतं अशी एक दंतकथा आहे. मला राग येतो तो याचा, की बंगालच्या गव्हर्नराचं नाव या क्लबाच्या गोष्टींत येतं ते माकडापुरतं. तीन जिल्ह्यांचा महसूल कुणाच्या हाती गेला हे त्या गोष्टींत कधीच येत नाही.

१७६९ साली बंगालच्या कारभाराची चौकशी करायला कंपनीने त्यालाच आणखी दोघांबरोबर पुन्हा धाडलं. त्यांचं ‘ऑरोरा’ जहाज केप टाउन सोडून निघालं आणि समुद्रात नाहीसं झालं. त्याच सुमारास बंगालात पाऊस हुकला होता. १७७०चा दुष्काळ म्हणजे बंगाली माणसाच्या आठवणीतला ‘छियात्तरेर मन्वंतर’, बंगाली सन ११७६चा म्हणून ते नाव. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने लंडनला कळवलं की प्रांतातली निदान एक तृतीयांश माणसं गेली, तरी १७७१ची निव्वळ वसुली १७६८पेक्षा जास्त भरली. वसुली सक्तीने टिकवली होती, हेही त्याने लिहिलं.

हे सगळं मी आईला एका दमात सांगितलं नाही. आम्ही आत गेलो.

आत थंडी असते, बाहेर ऊन असो नाहीतर पाऊस. भिंती पांढऱ्या. शाळेतल्या खडूचाच दगड हा, नखाने ओरखडा उठतो. त्यात मधेमधे काळ्या गारगोटीच्या गाठी. वाट अरुंद, एका वेळी एकच माणूस नीट चालेल अशी, मग मधेच वर्तुळाकार दालनं. मेजवानीचं दालन चांगलं चाळीस फूट रुंद आणि उंचीला त्याहून जास्त. त्यापुढे भूगर्भातल्या पाण्याचा एक ओहोळ, त्याला ग्रीक पुराणातल्या मृत्यूच्या नदीचं नाव दिलंय, स्टिक्स. त्यापलीकडे शेवटची खोली, ‘आतलं मंदिर’. टेकडीवरच्या चर्चच्या बरोबर खाली, तीनशे फूट खोल, असं तिथली पाटी सांगते. एकूण लांबी पाव मैल. वर देव आणि खाली सैतान, अशी ती मांडणी पाटी लावणाऱ्यांना फार आवडते.

आई सावकाश चालत होती. ती पुतळे पाहत नव्हती. ती भिंतीवर हात फिरवत होती. एका ठिकाणी थांबून म्हणाली, “हे बघ, टिकावाचे घाव.” खरंच होते. तिरपे, एकाखाली एक, हाताच्या अंतरावर. एक माणूस एका जागी उभा राहून घाव घालतो तेव्हा पडतात तसे. मी या गुहेत आधी दोनदा येऊन गेले होते, आणि मला ते दिसले नव्हते.

मग तिथेच उभं राहून मी तिला सांगितलं. १७४० नंतरच्या दशकाच्या अखेरीला या भागात लागोपाठ पिकं बुडाली. गावात काम नव्हतं. डॅशवूडने १७४७ साली पार्लमेंटात एक विधेयक आणलं होतं, गरिबांना सार्वजनिक कामं काढून मजुरी द्यावी असं. ते मंजूर झालं नाही. मग त्याने स्वतःच्या पैशाने आपल्या गावात काम काढलं. टेकडीतून खडू खणायचा, आणि तो घालून वेस्ट विकमपासून हाय विकमपर्यंत नवा रस्ता बांधायचा, जवळपास पाच किलोमीटर. जुना रस्ता चिखलाचा, गाड्या रुतायच्या. गुहा म्हणजे रस्त्यासाठी काढलेल्या दगडाची मागे उरलेली पोकळी. ती सरळ खाणीसारखी न काढता त्याने तिला वळणं आणि दालनं दिली, कारण त्याला ग्रीक पुराणांची हौस. १७४८ ते १७५२ असं हे काम चाललं. रोजंदारी दिवसाला एक शिलिंग होती असं गावात सांगतात.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे हे दुष्काळी काम.”

हा शब्द मला सुचला नव्हता. इंग्रजीत वाचताना मी ते ‘गरिबांना रोजगार’ असं वाचत गेले होते. आईने एका शब्दात ते जिथलं तिथे नेऊन ठेवलं.

आई माण तालुक्यातली. १९७२च्या दुष्काळात ती नऊ वर्षांची होती. मराठी वाचकाला बहात्तर म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही, पण इथे जन्मलेल्या माझ्या मुलांसाठी लिहिते. विहिरींना तळ दिसला, जनावरं बाजारात मातीमोल गेली, आणि सरकारने कामं काढली. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, आणि जिथे दुसरं काही नाही तिथे खडी फोडणं. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यात या कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. माझी आजी त्यांत होती. डोक्यावर पाटी, कडेला माझी मावशी. आजीने फोडलेली खडी ज्या रस्त्यात गेली त्या रस्त्यावरून आमची एसटी जायची. सुट्टीत गावी जाताना आई खिडकीतून बोट दाखवायची, “हा माझ्या आईचा रस्ता.” मी ते अनेकदा ऐकलं होतं. सरदाराच्या गुहेत उभं राहून ते आठवेल असं कधी वाटलं नव्हतं.

“मग त्यांनी त्या पूजा केल्या कुठं, इथं की नदीकाठी?” आईने विचारलं. मी म्हटलं, मठ नदीकाठी. गुहेत कधी मेजवानी झाली असेल, पण जमायची जागा ती. गुहेला हे नाव पुढे चिकटलं. १९५१ साली डॅशवूडच्याच वंशजाने गुहा दुरुस्त करून लोकांना खुल्या केल्या, त्या तिकिटाच्या पैशातून हवेलीची देखभाल व्हावी म्हणून. सैतान नसता तर तिकीट कोण काढणार!

“तो माणूस वाईट नव्हता म्हणजे,” आई म्हणाली.

याचं सरळ उत्तर माझ्याजवळ नव्हतं, आजही नाही. १७५७ साली ॲडमिरल बिंग याला लढाईत कसूर केल्याबद्दल गोळ्या घालायच्या ठरल्या. खरं तर मंत्र्यांना आपली चूक कुणाच्या तरी माथी मारायची होती. तेव्हा पार्लमेंटात त्याच्यासाठी बोलायला उभा राहिलेल्यांत डॅशवूड होता. बिंगला ‘मोनार्क’ या जहाजावर गोळ्या घातल्या. म्हातारपणी डॅशवूड टपाल खात्याचा प्रमुख झाला आणि बेंजामिन फ्रँकलिन त्याच्या घरी पाहुणा म्हणून येऊन राहू लागला. दोघांनी मिळून १७७३ साली चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकाची आटोपशीर आवृत्ती तयार केली, थंडगार चर्चमध्ये म्हाताऱ्यांना तासन्‌तास बसावं लागू नये म्हणून. त्याच वर्षी फ्रँकलिनने प्रशियाच्या राजाच्या नावाने एक खोटं फर्मान वर्तमानपत्रात छापून आणलं. इंग्रज हे मूळचे जर्मन, तेव्हा त्यांनी आम्हाला कर द्यावा, असं. अमेरिकन वसाहतींवरच्या करांची ती नक्कल होती. तो अंक आला तेव्हा फ्रँकलिन डॅशवूडच्याच घरी नाश्त्याला होता, आणि पॉल व्हाइटहेड अंक हातात घेऊन धावत आत आला, राजाचा दावा खरा समजून. फ्रँकलिनने हे मुलाला पत्रात लिहिलं आहे. ते वाचताना मला ते घर आवडून जातं, आणि मग सायडरचा कर आठवतो, आणि मठात आणलेल्या त्या बायका आठवतात, ज्यांचं मत कुणी विचारलं नाही. त्याने गावाला काम दिलं हे खरं. त्याच्या मठाच्या मेजावर व्हॅन्सिटार्टला जागा होती हेही खरं. या दोन गोष्टींची वजाबाकी मला करता येत नाही.

बाहेर येऊन आम्ही टेकडी चढलो. वर चर्च आहे, त्याच्या मनोऱ्यावर सोन्याचा मुलामा दिलेला मोठा गोळा आहे. त्यात बसून विल्क्स आणि मंडळी दारू पीत. पलीकडे षट्कोनी, बिनछपराचं स्मारक आहे, डॉडिंग्टनने मृत्युपत्रात ठेवलेल्या ५०० पौंडांतून बांधलेलं. व्हाइटहेडने आपलं हृदय डॅशवूडला ठेवून दिलं होतं, आणि कलशासाठी ५० पौंड. ऑगस्ट १७७५मध्ये ते हृदय सैनिकांच्या मिरवणुकीने, गाणाऱ्यांच्या साथीने टेकडीवर आणून या स्मारकात ठेवलं. पुढे ते चोरीला गेलं. आईला मी भिंतीतले कोनाडे दाखवले. ती एका दगडावर बसली, गुडघे चोळत. खाली झाडांमधून तो रस्ता दिसत होता, हाय विकमकडे सरळ गेलेला, त्यावर गाड्यांची रांग.

“हा तोच का? खडूचा?”

“तोच. वरचं डांबर नंतरचं.”

“आणि नावं? हजेरीपट असेल ना, मस्टर?”

दारूच्या बाटल्यांचा हिशेब राहिला, हे मी तिला सांगितलं. मजुरांच्या हजेरीचं एकही पान माझ्या वाचनात आलेलं नाही. आई म्हणाली, आजीचंही नाव त्या मस्टरवर धड नव्हतं. मुकादमाने नवऱ्याच्या नावापुढे ‘बायको’ एवढंच लिहिलं होतं, आणि सहीच्या जागी अंगठा. पगाराच्या दिवशी शाई लावलेला तो अंगठा घेऊन आजी घरी यायची. पाण्याची एवढी चणचण की हात धुवायला तांब्याभरच मिळायचा, त्यात शाई निघायची नाही. मग ती तशीच मिलोची लाल भाकरी थापायला बसायची. आई म्हणाली, त्या दिवशीच्या भाकरीच्या कडेला निळा डाग असायचा, आणि आम्ही भावंडं त्या तुकड्यासाठी भांडायचो.

मग ती उठली आणि आम्ही रस्त्याकडे उतरू लागलो.